स्मरणशक्तीचे डबे

रविवारची मिस्सा संपते, भाविक बाहेर पडतात, आणि चर्चच्या आवारातील कडुलिंबाखाली एक टेबल मांडले जाते. टेबलावर धुतलेला पांढरा कपडा, कपड्यावर डब्यांची रांग. डब्यांवर मेंदूचे चित्र असते, हिरव्या पानांचे असते, कधी हसऱ्या आजीआजोबांचे. विकणारे कोणी परके नव्हेत. ते आपल्याच गायनमंडळातले, आपल्याच संत व्हिन्सेंट द पॉल मंडळातले आहेत. त्यांच्या वरच्या साखळीत कोणी एक आहे, खालच्या साखळीत चार जण जोडायचे आहेत, आणि घरी मुलीच्या नर्सिंगची फी भरायची आहे. त्यांच्याविषयी आमच्या मनात आकस नाही. तरीही आजचा लेख त्या टेबलाविरुद्ध आहे, आणि ते टेबल गेली काही वर्षे डोळ्यांदेखत मांडू देणाऱ्या आम्हा धर्मगुरूंविरुद्धही आहे.

निमित्त घडले ते आमच्याच धर्मग्रामातील एका दांपत्याचे. संबंधितांची संमती घेऊन, ओळख पटेल असा तपशील वगळून, ते येथे मांडतो. पत्नीने आयुष्यभर मुलांना धर्मशिक्षण दिले. पती नोकरीतून निवृत्त झालेले, अबोल, कष्टाळू गृहस्थ. बाईंच्या विसराळूपणाकडे प्रथम कोणाचेच लक्ष गेले नाही. लक्षात आला तो त्यांचा संशय. तांदळाच्या डब्यात लपवलेले पैसे सापडेनात, की चोर पती. शेजारच्या विधवेने वाटीभर साखर मागितली, की पतीचे तिच्याशी काहीतरी आहे. एके सायंकाळी ते गृहस्थ आमच्याकडे आले आणि व्हरांड्यातील बाकावर बसून रडले. ‘‘फादरजी, छेचाळीस वर्षं झाली लग्नाला. मी काहून चोरीन जी तिचे पैसे?’’ आम्ही त्यांना काय सांगितले असेल? सहनशील व्हा, जपमाळेची प्रार्थना करा, बाईंना पापनिवेदनाला पाठवा. तो आजार असू शकतो ही शंकाही आमच्या मनाला शिवली नाही. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, धर्मकायदा शिकलो; म्हातारपणी माणसाचा मेंदू आतून कसा झिजतो हे कोणी शिकवले नव्हते, आणि पुढे आम्हीही ते आपण होऊन शिकलो नाही.

निदान व्हायला दीड वर्ष लागले. पण डबे त्याआधीच घरात आले. पहिला पुण्याच्या मुलाने कुरिअरने धाडला, दुसरा केरळातल्या नणंदेने दिला, तिसरा आमच्या कडुलिंबाखालचा. त्यानंतर कोणी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुचवल्या, कोणी हळदीच्या अर्काच्या, कोणी रोज दोन चमचे खोबरेल. वर्षअखेरीस बाईंना रोज सकाळी अकरा गोळ्या द्याव्या लागत होत्या, आणि निवृत्तिवेतनातून महिन्याला सहा हजार रुपये त्यावर खर्च होत होते.

सकाळी आठ वाजता त्या घरात जे घडे ते आम्ही एकदा प्रत्यक्ष पाहिले. पती हातात गोळ्या घेऊन उभे. पत्नी दात घट्ट आवळून भिंतीकडे तोंड करून बसलेली. विनवणी, मग दटावणी, मग हात धरणे. तिच्या दृष्टीने एक अनोळखी पुरुष तिच्या तोंडात काहीतरी कोंबू पाहत होता. ‘‘विष देतो मला!’’ असे ती ओरडली. मग गोळ्या कुटून शिऱ्यात कालवण्याची युक्ती सुरू झाली. शिरा कडू लागला, आणि त्या दिवसापासून बाईंनी पतीच्या हातचे अन्नच सोडले. घरात सर्वांनी मान हलवून म्हटले, आजार वाढला. चौथा डबा मागवण्यात आला.

पुढे नागपूरच्या एका मेंदूरोगतज्ज्ञांनी ती सगळी चवड टेबलावर ओतली, दोन गोळ्या बाजूला काढल्या आणि उरलेल्या पिशवीत भरून परत दिल्या. पंधरा दिवसांत बाई पुन्हा पतीच्या हातून पेज पिऊ लागल्या. आजार गेला नव्हता, जाणारही नव्हता. पण सकाळी आठचा छळ थांबला होता. आम्ही विचारतो, त्या वर्षभरातील किती आरडाओरड रोगाची होती आणि किती आपल्या उपचाराची?

वाचकहो, हा आजार म्हणजे विसरणे, एवढेच आपण धरून चालतो, आणि फसगत तेथूनच सुरू होते. ज्या स्त्रीवरून या आजाराची ओळख जगाला पटली तिची हकिकत पाहा. 1901 च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची 51 वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचा पती रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. त्याच्या तक्रारीत प्रथम विसराळूपणा नव्हता. पत्नी एकाएकी आपल्यावर संशय घेऊ लागली, मत्सर करू लागली, ही त्याची पहिली तक्रार होती. स्मृती, स्वयंपाक, स्वतःचे नाव लिहिणे हे सारे नंतर गेले. 1906 च्या एप्रिलात ती वारली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगनच्या सभेत ती माहिती मांडली. 1910 साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमरचे नाव दिले. म्हणजे बल्लारशाच्या रेल्वे वसाहतीतील एखादा म्हातारा आज ज्या आरोपाने खचून जातो, तोच आरोप सव्वाशे वर्षांपूर्वी दुसऱ्या एका रेल्वे कारकुनाने ऐकला होता. आमच्या व्हरांड्यात रडणाऱ्या गृहस्थांना ही एवढीच गोष्ट तेव्हा सांगता आली असती, तर त्यांचे अर्धे दुःख उतरले असते.

वागण्यातील बदल नाना प्रकारचे असतात आणि त्यांचा पहिला आघात जोडीदारावरच होतो. मुले दिवाळी-नाताळला येतात. त्या चार दिवसांत आई शहाण्यासारखी वागते, आणि बाबाच उगीच कुरकुरतात असा निष्कर्ष काढून मुले पुण्याला परततात. दिवस कलला की अस्वस्थता वाढते. आपल्याच घरात ‘घरी जायचे’ असा हट्ट सुरू होतो. पतीकडे पाहून ‘तुम्ही कोण? आमचे हे कुठे गेले?’ असे विचारले जाते. कधी पती दिसतो, पण तो तोतया वाटतो. कधी आयुष्यभर पदर न ढळलेल्या स्त्रीच्या तोंडी अर्वाच्य शब्द येतात. कधी एखादा सज्जन वृद्ध वयाला न शोभणारी लगट करू लागतो आणि त्याची पत्नी लाजेने कोणाशीही बोलत नाही. ही लाज आम्हाला सर्वांत अधिक अस्वस्थ करते, कारण ती सोसणाऱ्या स्त्रिया चर्चमध्ये आमच्या समोर बसलेल्या असतात. भगिनींनो, तो तुमच्या पतीचा स्वभाव उघडा पडलेला नसतो. मेंदूचा जो भाग आपल्याला आवर घालतो तोच निकामी झालेला असतो.

आणि आमच्या जिल्ह्यांत घराबाहेर भटकणे हे शहरातल्या भटकण्यासारखे नसते. पुण्यामुंबईत हरवलेला वृद्ध पोलीस चौकीत सापडतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत गावाची शीव ओलांडली की जंगल, आणि जंगलात वाघ व अस्वल. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे टोपली घेऊन निघायची आयुष्यभराची सवय पायांत उरलेली असते, पण वाट डोक्यातून गेलेली असते. अशा घरी दाराला वरच्या बाजूला कडी बसवणे हा महत्त्वाचा उपचार आहे. त्याला फारच थोडा खर्च येतो आणि त्यावर कोणाला कमिशन मिळत नाही. म्हणूनच कदाचित ती कोणी सुचवत नाही.

आता डब्यांकडे वळू. त्यांत काहीच तथ्य नाही असे ठोकून देणे सोपे आहे, पण आम्ही ते करणार नाही. गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क जगभर स्मृतीसाठी विकला जातो. अमेरिकेत 75 वर्षे व त्यावरील 3069 स्त्रीपुरुषांना कित्येक वर्षे तो अर्क अथवा तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी देऊन पाहण्यात आली. 2008 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: स्मृतिभ्रंश टळला नाही. त्याच वर्षी 409 रुग्णांवरील प्रयोगात ब जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेनेही आजाराची गती मंदावली नाही. 2010 साली 402 रुग्णांवर माशाच्या तेलातील मुख्य घटकाचा प्रयोग झाला. गुण आला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली स्पष्ट सांगितले की स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करण्यासाठी ब व ई जीवनसत्त्वे, माशाच्या तेलातील मेदाम्ले किंवा अनेक घटकांची मिश्रणे यांची शिफारस करू नये.

अपवाद म्हणावा असा एक निष्कर्ष आहे, तो दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 613 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ई जीवनसत्त्वाच्या फार मोठ्या मात्रेने दैनंदिन व्यवहारातील घसरण काहीशी मंदावली. स्मरणशक्ती मात्र सुधारली नाही, स्वभावही पूर्ववत झाला नाही. आणि 2011 साली निरोगी पुरुषांच्या एका प्रचंड पाहणीत, त्याहून बऱ्याच लहान मात्रेत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग 17 टक्क्यांनी अधिक आढळला होता. म्हणजे जेथे थोडाफार गुण आहे तेथेही ते औषधच आहे, आणि औषध म्हटले की डॉक्टरांची नजर हवी. गायनमंडळातील सद्गृहस्थांची नजर पुरत नाही.

‘गुण नाही तर नाही, अपाय तर नाही ना?’ हे वाक्य आम्ही शंभरदा ऐकले आहे. अपाय आहे. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना गिंको किंवा ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिल्यास रक्तस्रावाची भीती असते. लोह आणि कॅल्शियमने मलावरोध होतो. ज्याला पोट दुखते हे सांगता येत नाही असा रुग्ण मलावरोधाने चिडतो, मारतो, रात्रभर येरझाऱ्या घालतो. कित्येक शक्तिवर्धक पावडरींत साखर भरपूर असते, आणि घरात मधुमेह असतो. आजार पुढे गेला की गिळणे अवघड होते. मोठी कॅप्सूल घशात अडकते. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक म्हणवणाऱ्या 193 उत्पादनांची तपासणी अमेरिकेत झाली, तिचा निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाला: सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे तर मेंदूचाच घात करते.

आमचे आदिवासी बांधव येथे विचारतील, मग आमच्या जंगलातील वनस्पतींना तुम्ही नावे ठेवता काय? मुळीच नाही. ब्राह्मीवर या देशात गंभीर संशोधन झाले आहे, अजूनही चालू आहे. पण ब्राह्मी या एका नावाने देशाच्या निरनिराळ्या भागांत दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, हे डब्यावरच्या चित्रातून कळत नाही. आणि कोणत्याही वनस्पतीने अल्झायमर बरा होतो हे अद्याप सिद्ध झालेले नाही. गावचा वैदू निदान रुग्णाचा चेहरा पाहून मुळी देतो. डबा कोणाचाच चेहरा पाहत नाही.

एका बांधवाने तर आमच्याविरुद्ध पवित्र शास्त्रच काढले. तोबितच्या ग्रंथात राफाएल देवदूतानेच माशाच्या पित्ताने आंधळ्या तोबितला दृष्टी दिली, मग माशाचे तेल का नको? चर्चा रंगली खरी. त्या बांधवाला आम्ही विनंती केली की ग्रंथ आणखी दोन पाने मागे उलटावा. तेथे असे आहे की तोबितने आधी वैद्यांकडे खेपा घातल्या, आणि मलमे जितकी लावली तितकी दृष्टी अधिक गेली. पुढचा प्रसंग तर आमच्या धर्मग्रामातलाच वाटतो. त्याची पत्नी हन्ना सूत कातून, विणून घर चालवते. मालक खूष होऊन तिला मजुरीवर एक करडू देतात. करडाचा आवाज ऐकून आंधळा तोबित तिच्यावर चोरीचा आळ घेतो. ती परोपरीने सांगते, तो मानत नाही. मग तीही संतापून त्याला त्याच्या पुण्याईचा जाब विचारते. दोघेही भली माणसे, दोघेही थकलेली. आजारी जोडीदाराचा संशय आणि सेवा करणाऱ्याचा तोल सुटणे, हे दोन्ही पवित्र ग्रंथाने लपवलेले नाही. आम्ही मात्र विवाहाच्या प्रवचनात ते कधी सांगितलेले नाही.

डॉक्टरांच्या विरोधात आम्ही आहोत असा कोणी अर्थ काढू नये. उलट आमचा आक्षेप असा की डब्यांपायी डॉक्टर लांबणीवर पडतात. विसराळूपणा आणि विक्षिप्त वागणे यांची काही कारणे बरी होणारी असतात. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा दोष, खोल औदासीन्य, पडल्यामुळे कवटीत साचलेले रक्त, ही त्यांपैकी काही. रक्ताच्या साध्या तपासणीत ब-12 कमी निघाले तर ते जरूर द्यावे, इंजेक्शनने द्यावे. तेथे ते पूरक राहत नाही, तोच उपचार ठरतो. न तपासता अकरा गोळ्या गिळवणे आणि तपासून एक देणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. अल्झायमरच असेल तर डोनेपेझिलसारखी औषधे 1996 पासून उपलब्ध आहेत. ती आजार थांबवत नाहीत, काहींना काही काळ थोडा आधार देतात, हेही डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतात. डब्यावर असा प्रामाणिकपणा छापलेला आम्ही पाहिला नाही.

छापलेले आहे, पण फार बारीक अक्षरात. 2016 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा पूरक आहाराच्या डब्यावर तो औषधी उपयोगासाठी नाही असे लिहावे लागते. 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मेंदूचे विकार बरे करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. म्हणून डब्यावर आजाराचे नाव नसते, नुसते चित्र असते; नाव तोंडी सांगितले जाते, कडुलिंबाखाली. येथे आमच्या बांधवांना आम्ही स्पष्ट विचारतो: जे छापण्याची कंपनीला छाती होत नाही, ते तुम्ही ख्रिस्तशरीर स्वीकारलेल्या जिभेने कसे बोलता?

पैसा आणि ओळख असली म्हणजे माणूस या फेऱ्यातून सुटतो असेही नाही. जॉर्ज फर्नांडिस यांचे नाव बल्लारशाच्या रेल्वे कामगारांना 1974 च्या संपामुळे ठाऊक आहे, आणि भद्रावतीच्या आयुध निर्माणीतील लोकांना संरक्षणमंत्री म्हणून. मंगळूरच्या कॅथलिक घरातील हा मुलगा वयाच्या सोळाव्या वर्षी धर्मगुरू होण्यासाठी बंगळूरच्या सेमिनरीत गेला आणि तेथून बाहेर पडून मुंबईच्या कामगारांचा पुढारी झाला. अखेरच्या काळात त्यांना अल्झायमरने गाठले. 2010 साली पत्नी लैला कबीर यांनी त्यांना उपचारांसाठी हरिद्वारच्या योगाश्रमातही नेले होते. ते कोणाजवळ राहावेत, त्यांना कोणी भेटावे, यावरून पत्नी, भाऊ आणि निकटच्या सहकारी यांच्यातील वाद उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. 29 जानेवारी 2019 रोजी ते वारले. या प्रकरणात कोणाची बाजू घेण्याचा आम्हाला अधिकार नाही. आपल्या माणसासाठी जे जे करता येईल ते करून पाहावे असे पत्नीला वाटणे आम्हाला पूर्ण समजते. आमचे म्हणणे एवढेच की ज्याच्या एका शब्दावर देशभरच्या गाड्या थांबत, त्यालाही शेवटी हवे होते ते कोणीतरी शेजारी बसलेले असणे; आणि त्याच्या शेजारी कोणी बसावे याचा निवाडा न्यायालयाला करावा लागला.

डबा विकत का घेतला जातो, हे आम्हाला या दोन वर्षांत थोडेसे उमगले. पतीला काहीतरी करायचे असते. रोज हातात काहीतरी घेऊन तिच्याजवळ जायचे असते. या आजारात चांगले दिवस आणि वाईट दिवस आपोआप येतात. चांगला दिवस उगवला की श्रेय डब्याला, वाईट आला की डबा कमी पडला. पुण्याच्या मुलाचेही तसेच. येता येत नाही म्हणून कुरिअर येते. बाळा, तुझ्या आईला डब्याची ओळख नाही, पण तुझ्या आवाजाची कदाचित अजून असेल. फोन कर, आणि ‘मी कोण ते ओळख’ असली परीक्षा घेऊ नकोस. आपले नाव आपणच सांग. आणि सहा हजारांतून बाबांना रोज तीन तास सुटका देणारी एक बाई कामाला लावता येते. शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली स्त्री आहे. तिने जवळचे सर्व काही वैद्यांवर खर्चले आणि तिचे दुखणे वाढतच गेले, असे संत मार्क लिहितो. ती नंतर बरी झाली. पण घरातले सर्व काही खर्चून दुखणे वाढलेली माणसे आपल्या धर्मग्रामात आजही आहेत, आणि त्या खर्चाचा एक वाटा आपल्याच आवारात घेतला जातो.

वागणे एकाएकी बिघडले तर आधी कारण शोधावे. लघवीचा संसर्ग, मलावरोध, दातदुखी, भूक, नवे औषध, खोलीतला अंधार. आमच्याकडे त्यात एक भर घालावी लागते: उन्हाळा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर चढतो. तहान लागल्याचे ज्याला सुचत नाही तो वृद्ध दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागतो, आणि त्याला डब्याची नव्हे, तांब्याभर पाण्याची, पन्ह्याची, ताकाची गरज असते. वाद घालू नये. ‘घरी जायचे’ म्हटले की ‘हेच घर आहे’ असे दहा वेळा सांगण्यापेक्षा, ‘चहा घेऊ आणि निघू’ म्हणावे आणि अंगणात एक फेरी मारून आणावी. हे खोटे बोलणे नव्हे काय, असे आम्हाला एका सिस्टरांनी विचारले. आमचे उत्तर असे की घाबरलेल्या माणसाला धीर देणे हे आठव्या आज्ञेचे उल्लंघन नव्हे. मारहाण, भास, रात्रंदिवस जाग असे टोकाला गेले तर डॉक्टर शांत करणारी औषधे देतात, पण ती अल्पकाळ आणि देखरेखीखालीच. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2005 सालीच दिला आहे. औषधाच्या दुकानातून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर ती आणू नयेत.

आणखी एक गोष्ट कडवट आहे, पण सांगितलीच पाहिजे. 2021 च्या ऑगस्टमध्ये आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील एका गावी, जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना बांधून मारहाण झाली. त्यांच्यापैकी कोणाला हा आजार होता असे आमचे म्हणणे नाही. पण रात्री-अपरात्री बाहेर फिरणारी, स्वतःशी पुटपुटणारी, परक्याच्या दारात बसणारी म्हातारी अशा गावात किती सुरक्षित आहे, याचा विचार करावा. आणि आपणही फार पुढारलेलो नाही. अशाच एका रुग्णाला दुष्टात्मा काढण्यासाठी एका प्रार्थनासभेत तासभर उभे केलेले आम्हाला ठाऊक आहे. त्या वृद्धाने उभ्या उभ्या कपडे ओले केले.

60 वर्षांवरील भारतीयांत शंभरात सातांहून अधिकांना स्मृतिभ्रंश आहे, असा देशव्यापी पाहणीचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. सुमारे 88 लाख माणसे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक. म्हणजे आमच्या लहानशा धर्मग्रामातही एकच घर असणे शक्य नाही. बाकीची घरे दारे लावून बसली आहेत. केरळातील कुन्नमकुळम येथे डॉ. जेकब रॉय कुरियाकोस यांनी 1992 साली अशा कुटुंबांसाठी अल्झायमर संघटना उभी केली. आमच्या धर्मग्रामातील कित्येकांची माहेरे आणि आजोळे त्याच मुलखातली. डब्यांची पार्सले तिकडून येतात, ही माहिती मात्र आली नाही. गडचिरोलीच्या आतल्या भागांतून नागपूर गाठणे किती दुष्कर आहे हे आम्ही जाणतो. निदान दूरध्वनी तरी करावा: मनःस्वास्थ्याच्या सल्ल्यासाठी 14416, ज्येष्ठांच्या मदतीसाठी 14567. दोन्ही सरकारी आहेत, मोफत आहेत.

आमच्या धर्मग्रामापुरते आम्ही असे ठरवले आहे. येत्या रविवारपासून चर्चच्या आवारात कोणत्याही शक्तिवर्धकाचे टेबल लागणार नाही, आणि वेदीवरून त्याची साक्षही दिली जाणार नाही. ज्यांची त्यामुळे मिळकत बुडेल त्यांच्या मुलीच्या फीचा प्रश्न धर्मग्राम समितीपुढे आम्ही स्वतः मांडू. दर गुरुवारी दुपारी तीन ते सहा मिशनघराचा मागचा व्हरांडा अशा रुग्णांसाठी उघडा राहील. युवक मंडळातील चौघांनी आणि दोन सिस्टरांनी बसण्याचे कबूल केले आहे. त्या तीन तासांत पतीने किंवा पत्नीने बाजारात जावे, दाढी करावी, झोपावे, हवे ते करावे. प्रार्थनेलाच बसले पाहिजे असे नाही. पहिल्या गुरुवारी एकच रुग्ण आली, ज्यांची हकिकत वर दिली त्या बाई. त्यांनी जुनी धर्मगीते सुरात म्हटली, शेंगा सोलून दिल्या, आणि आम्हाला दोनदा विचारले की या घरचे फादर कधी येणार. पती सहाऐवजी साडेसहाला परतले. नदीवर जाऊन बसलो होतो, म्हणाले.

या लेखावर ज्यांचा आक्षेप असेल त्यांनी संपादकांकडे अवश्य लिहावे. डब्याने गुण आला असे ज्यांचे म्हणणे आहे त्यांचेही पत्र छापावे अशी आमची संपादकांना विनंती आहे. मात्र पत्राखाली, त्या डब्याच्या विक्रीत आपला वाटा आहे की नाही, एवढे पत्रलेखकाने नमूद करावे.